८५ मिमी आणि मागची रांग

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या बाई कुडाळजवळच्या एका गावात शिक्षिका आहेत. काही वर्षांपूर्वी घेतलेला निकॉनचा डी५६०० आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स, एवढा त्यांचा संसार. दिवसाचे फोटो छान येतात: किनारा, शाळेची सहल, भातलावणी. गाडी अडते ती रात्री. गेल्या वर्षी जत्रेत दशावताराचे रात्रभर फोटो काढले आणि सकाळी पाहिले तर बहुतेक हललेले, नाहीतर पिवळेजर्द. यंदा जत्रांचे दिवस आहेतच, शिवाय सासू-सासऱ्यांना घेऊन काशीची यात्रा ठरली आहे. पस्तीस हजार रुपये बाजूला काढलेत. यादीत तीन लेन्स आहेत: ३५ मिमी एफ/१.८, ५० मिमी एफ/१.४ आणि ८५ मिमी एफ/१.८. (मिमी म्हणजे फोकल लेंथ: आकडा मोठा, तितकं दृश्य जवळ आणि चौकट अरुंद. एफ म्हणजे लेन्सचं छिद्र: आकडा लहान, तितकं छिद्र मोठं.) मनाचा कल ८५ कडे, ‘कारण लांबून काढता येतील, कोणाच्या नजरेत येणार नाही.’ दीर म्हणतात, सगळं विका आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा घ्या. नवरा म्हणतो, मोबाइल आहे की. शेवटी त्या लिहितात, ‘चुकायला माझ्याकडे दुसरे पैसे नाहीत. एकच नाव सांगा.’

नमस्कार.

नाव आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं नाव शोधतच वाचाल. तुमच्या कॅमेऱ्यासाठी, तुमच्या जत्रांसाठी ३५ मिमी एफ/१.८. पण दुकानात जाण्याआधी पुढचं वाचा. तुमचा कल जिकडे आहे तिकडे मी तुम्हाला का जाऊ देत नाही, हे नुसतं नाव सांगून कळणार नाही. शिवाय उद्या कोणीतरी ८५ ने काढलेला सुंदर चेहरा तुम्हाला दाखवेल आणि माझ्या सल्ल्याचा पाया हलेल.

आधी गेल्या वर्षीचे फसलेले फोटो पुन्हा उघडा. पुसले नसतील अशी आशा आहे. तुम्ही सगळ्यांना मिळून ‘हललेले’ म्हणता, पण त्यात तीन वेगळे रोग असतात आणि तिघांवर औषध वेगळं. फोटोतलं सगळंच, अगदी देवळाचा खांबसुद्धा हललेला असेल तर तुमचा हात हलला. खांब जागेवर आहे पण राजाचे हात धुरासारखे पसरलेत, म्हणजे माणूस हलला, शटर कमी पडलं. आणि मागचा पडदा लख्ख, पुढचा नट मात्र मऊ, तर फोकस चुकला. कॅमेऱ्यावर फोटो पाहताना माहितीचं पान उघडा, तिथे शटरचा आकडा दिसेल, म्हणजे सेकंदाच्या कितव्या भागापुरतं ते उघडं होतं. माझा अंदाज, बहुतेक फोटोंवर १/१५, १/२० असले आकडे असतील.

तुमच्या लेन्समध्ये व्हीआर आहे, म्हणजे हाताचा कंप ती बऱ्यापैकी सावरते. पण समोर तलवार फिरवणाऱ्या माणसाला कोणताही व्हीआर थांबवू शकत नाही. त्याला थांबवतं ते फक्त शटर. बाजारात चालणाऱ्या माणसाला १/१२५ तरी हवं. दशावतारातल्या युद्धाला, शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांना किंवा गणपतीतल्या जाखडीला १/२५० आणि त्याच्यावर.

आता इथे मोठ्या छिद्राच्या लेन्सचं काम सुरू होतं. तुमची १८-५५ पूर्ण बाहेर काढली, म्हणजे ५५ ला नेली, की तिचं छिद्र एफ/५.६ च्या वर उघडत नाही. एफ/१.८ च्या लेन्समधून त्याच्या साडेनऊ पटींहून थोडा जास्तच प्रकाश आत येतो. खाज्याच्या दुकानासमोरच्या बऱ्यापैकी उजेडात आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) १६०० ठेवून एफ/५.६ ला तुम्हाला साधारण १/१५ मिळेल, तर एफ/१.८ ला १/१५०. पहिल्या आकड्यात दुकानदार भूत दिसतो, दुसऱ्यात माणूस. म्हणजे लेन्स बदलायची तुमची गरज खरी आहे, हौस नाही. घरच्यांना सांगायला हा हिशोब उपयोगी पडेल.

पण याच हिशोबाने ५० एफ/१.४ चा मोह कमी व्हायला हवा. एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेलात तर १/१५० चं साधारण १/२५० होतं. फायदा आहे, नाही असं नाही. पण एफ/५.६ वरून एफ/१.८ वर येताना जी उडी मारली, तिच्यापुढे ही पायरी अगदी छोटी. आणि डीएसएलआरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या जमान्यातल्या बऱ्याच एफ/१.४ लेन्स पूर्ण उघडल्या की चित्र थोडं मऊ देतात, मग माणसं त्या एफ/२ वर बंद करून वापरतात. एफ/१.४ चे जास्तीचे पैसे मोजायचे आणि वापरायचं एफ/२, हे तुमच्या बजेटमध्ये मला पटत नाही.

आता ८५ बद्दल. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: कोणाच्या नजरेत येणार नाही. लेन्सचा प्रश्न म्हणून लिहिलंत, पण तो उभं राहायच्या जागेचा प्रश्न आहे. लेन्स निवडताना बहुतेक लोक आधी छिद्राचा आकडा बघतात, मग फोकल लेंथ. मी उलटं करायला सांगतो. आपण समोरच्यापासून किती अंतरावर उभे राहतो, किंवा राहायची इच्छा आहे, ते आधी. त्यावरून फोकल लेंथ ठरते. छिद्र त्याच्यानंतर, खिशाकडे बघून.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर डीएक्स, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान. त्यावर प्रत्येक लेन्स दीडपट लांब वागते. ३५ चं ५२ होतं, ५० चं ७५, आणि ८५ चं जवळजवळ १२८. ‘सगळ्यांनी पहिली लेन्स ५० घ्यावी’ हा जो सल्ला फिरत असतो तो फिल्मच्या आणि फुल फ्रेमच्या कॅमेऱ्यांवरून आलेला आहे. तिथे ५० जे दाखवते ते तुमच्याकडे ३५ दाखवते.

आकड्यांत सांगतो. समजा, सभामंडपात तुम्ही पुढे बसलात, नटापासून चार मीटरवर. ३५ मधून आडव्या फ्रेममध्ये तुम्हाला सुमारे २.७ मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच जागा दिसते. नट डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावतो, बाजूला मृदंगवाल्याचा खांदा किंवा बाक पण येतो. मुकुट उंच असेल तर कॅमेरा उभा धरायचा. त्याच जागेवरून ८५ मध्ये एक मीटरच्या थोडी वर रुंदी मिळते: चेहरा, छाती, संपलं. मग पूर्ण नट हवा म्हणून मागे सरकायचं, आणि सरकत सरकत जायचं दहा मीटरवर, जिथे जवळजवळ तेवढीच फ्रेम मिळते. आता दहा मीटरवर दशावताराच्या जत्रेत काय असतं? मांडी घालून बसलेला अख्खा गाव, त्याच्या मागे उभी माणसं, त्यांच्या खांद्यांवर पोरं. तुमच्या आणि शंकासुराच्या मध्ये चाळीस डोकी. लांबून काढलेला फोटो लपून काढता येतो खरा, पण तो डोक्यांच्या फटीतून काढावा लागतो.

बरं, प्रकाशाचा फायदाही नाही. दोन्ही लेन्स एफ/१.८. उलट ८५ ला हाताचा कंप जास्त दिसतो, म्हणून तिच्यावर १/१२५ च्या खाली जायची सोय नाही. ३५ वर नट स्तब्ध उभा असेल तर १/६० सुद्धा चालून जातं. आणि जी मागची पार्श्वभूमी विरघळते म्हणून ८५ चं कौतुक होतं, त्याचाही हिशोब करून पाहिला: दहा मीटरवरून ८५ आणि चार मीटरवरून ३५, दोन्हीकडे एफ/१.८ ला साधारण मीटरभर खोलीचा भाग स्पष्ट येतो. फ्रेम सारखी, खोली सारखी. फार लांबची पार्श्वभूमी ८५ मध्ये जास्त विरघळते, पण नटामागच्या जवळच्या पडद्याला त्याचा फारसा फायदा नाही. मोठा फरक एवढाच की एका फोटोत तुम्ही तिथे होता आणि दुसऱ्यात मागे होता.

म्हणजे ८५ वाईट लेन्स आहे का? अजिबात नाही. लग्नात, मोकळ्या मैदानातल्या स्टेजला, पहाटे बंदरावर होडीतून उतरणाऱ्यांना ती उत्तम. रापणीचं, अनेकांनी मिळून ओढायचं जाळं चांगलंच असतं, पण ते घेऊन कोणी एकट्याने ओहोळात उतरत नाही. जत्रेतल्या दुकानांच्या दोन रांगांमधली वाट केवढीशी असते. दीड मीटरवरच्या काकणवाल्या बाईकडे ८५ लावलीत तर चाळीस सेंटिमीटर रुंदीचा तुकडा दिसेल. हात दिसतील किंवा चेहरा, दोन्ही नाही. ३५ मध्ये तिथेच एक मीटर दिसतो: बाई, काकणांची चळत, हात पुढे केलेली मुलगी.

आता नजरेत येण्याचं. ही भीती मी उडवून लावत नाही. रात्रीच्या गर्दीत कॅमेरा घेऊन एकट्या बाईने पुढे घुसणं सोपं नसतं, आणि त्यातलं किती गावाचं आणि किती आपल्या मनातलं हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. पण एक गृहीत धरलेलं तपासून बघा: लपलेला माणूस कमी लक्षात येतो, असं तुम्हाला वाटतं. जत्रेत ते बहुतेक उलटं असतं. मागून लांब लेन्स रोखलेली व्यक्ती लोकांना खटकते. पुढे बसलेली, आल्याबरोबर मंडळाच्या मॅनेजरशी दोन शब्द बोललेली, चहा प्यायलेली बाई अर्ध्या तासात तिथलीच होऊन जाते. त्यात तुम्ही शिक्षिका. त्या गर्दीत तुमचे माजी विद्यार्थी निघाले नाहीत तर नवल. ‘ओ बाई, ह्यो फोटो माका धाडा हां’ असं कोणी म्हटलं की समजा परवाना मिळाला.

नाटक सुरू व्हायच्या आधी जा. नट आपापल्या पेट्या उघडून एकेका आरशासमोर स्वतःच रंग लावत असतात. स्त्रीपार्ट करणारा साडी नेसत असतो. तिथे एका बल्बचा उजेड जवळून चेहऱ्यावर पडतो आणि माणसं फारशी हलत नाहीत. परवानगी घेऊन दीड-दोन मीटरवर बसलात तर ३५ चं खरं सोनं तिथे आहे. दोन मीटरवर एफ/१.८ ला स्पष्ट भाग साधारण २४ सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे डोळा धरला तर सगळा चेहरा नीट येतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. कोणाच्या अंगात आलं असेल, अवसार असेल, तर कॅमेरा खाली. आणि गाभाऱ्याकडे लेन्स वळवण्याआधी गुरव किंवा मानकऱ्यांना विचारा.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो, कारण लेन्स घेऊनही फोटो हललेले आले तर दोष माझ्यावर यायचा. ए मोड ठेवा (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), छिद्र एफ/२. पूर्ण १.८ पेक्षा थोडं बंद केलं की चित्र जरा रेखीव होतं. ऑटो आयएसओ चालू करा, त्यात कमाल ६४०० आणि किमान शटर १/१२५ टाका. युद्ध सुरू झालं की १/२५०. उजेड फारच कमी पडला आणि आयएसओ ६४०० ला टेकला तर कॅमेरा शटर खाली आणतो, तेवढ्यावर नजर ठेवा. ६४०० ला फोटोत जे दाणे दिसतात त्यांना घाबरू नका. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी होतात, साध्या आकाराच्या प्रिंटमध्ये फारसे खुपतही नाहीत. हललेला हात मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने मनासारखा जागेवर येत नाही. मागे काळोख आणि पुढे रंगवलेला गोरा चेहरा, अशा वेळी कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारं आहे आणि तो चेहरा जाळून टाकतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याला मुद्दाम थोडं अंधारं काढायला सांगायची सोय) उणे ०.७ किंवा उणे १ करा. फोकसला मधला बिंदू निवडा, अंधारात कडेच्या बिंदूंपेक्षा तो जास्त भरवशाचा. फोकससाठी कॅमेऱ्याच्या पुढ्यात जो छोटा दिवा लागतो तो मेनूतून बंद करा, नटाच्या डोळ्यांत जातो. फ्लॅशचं तर नावच नको.

पिवळेपणाचं दुखणं लेन्सचं नाहीच. पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात दशावतार व्हायचे, आता हॅलोजन आणि एलईडी. देवळाबाहेरच्या रस्त्यावर जुना सोडियमचा दिवा असेल तर त्याच्या प्रकाशात जवळजवळ एकच रंग असतो. जो रंग दिव्यात नाही तो साडीवरून परत कसा येणार? असे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, आणि नंतर रंग ओढून बघूनही जमलं नाही तर सरळ कृष्णधवल करा. बाकी दिव्यांखाली रॉमधून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, सहज सुधारतो. आणखी एक त्रास दिसेल: लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड कमीजास्त, कधी अर्ध्या फ्रेमवर काळा पट्टा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा त्याहून सावकाश ठेवलं की हे बरंचसं थांबतं. युद्धाच्या वेळी तेवढं सावकाश परवडत नाही, मग एकाच्या जागी चार फोटो काढायचे आणि त्यातला बरा ठेवायचा.

दिरांच्या मिररलेसबद्दल. चुकीचं बोलत नाहीत ते. नवे मिररलेस अंधारात डोळा पकडण्यात पुढे आहेत. पण पस्तीस हजार आणि जुन्या कॅमेऱ्याची येईल ती किंमत, यात चांगला मिररलेस आणि वर मोठ्या छिद्राची लेन्स, दोन्ही बसवणं कठीण. मग नवा कॅमेरा येईल आणि त्याच्यावर पुन्हा एफ/६.३ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी. अंधार जिथल्या तिथे. पुढे कधी निकॉनच्या झेड या मिररलेस मालिकेकडे गेलात तर एफटीझेड अडॅप्टर लावून ही ३५ तिथे चालेल, ऑटोफोकससकट.

तुमच्या मिस्टरांचंही अर्धं बरोबर आहे. त्रिपुरारी पौर्णिमेची दीपमाळ, काशीच्या घाटावरचे दिवे, सावंतवाडीच्या मोती तलावात पडलेली प्रतिबिंबं, अशा स्थिर गोष्टींना मोबाइलचा नाइट मोड फार छान काम करतो, कारण तो अनेक फोटो एकत्र जोडतो. माणूस हलला की मात्र तो जोड कुठेतरी सुटतो. दीपमाळ त्यांना काढू द्या, नट तुम्ही काढा.

काशीसाठी वेगळी लेन्स घेऊ नका. प्रवासात लेन्स जितक्या जास्त, तितका वेळ त्या बदलण्यात जातो, आणि सासू-सासऱ्यांना घेऊन अरुंद गल्ल्यांतून चालताना लेन्स बदलत थांबणं कोणालाच आवडणार नाही. दिवसा आणि घाटाच्या रुंद दृश्याला १८-५५, अंधार पडला की ३५. दोन्ही प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या आसपास, पिशवीला कळणारही नाहीत. गल्लीत ३५ कधी अडचणीची वाटेल, भिंतीला पाठ लागेल. तिथे किट लेन्सच्या १८ ला एफ/३.५ मिळतं, तेही काही अगदी टाकाऊ नाही. निकॉनने डीएसएलआरच्या लहान सेन्सरसाठी रुंद आणि मोठ्या छिद्राची स्वस्त प्राइम (झूम नसलेली लेन्स) कधी केलीच नाही, ही जुनी तक्रार आहे. सिग्माची १८-३५ एफ/१.८ झूम २०१३ साली आली आणि ती उणीव तिने भरली, पण वजन आठशे ग्रॅमच्या वर. जत्रेत रात्रभर गळ्यात बांधून बघा म्हणजे कळेल.

३५ चेही दोष सांगतो. ती पूर्ण उघडली असताना लख्ख बल्बच्या किंवा चमकत्या मुकुटाच्या कडेला जांभळी-हिरवी झाक येते. एफ/२.८ ला ती बरीच कमी होते, उरलेली संगणकावर निघते. हिच्यात व्हीआर नाही. आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर कायमचा चढवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, तो रात्री काढा. दिव्यांच्या माळेची खोटी प्रतिबिंबं फोटोत तरंगतात ती बऱ्याचदा त्या फिल्टरमुळे. मालवणच्या किंवा हर्णैच्या बंदरावर खारे तुषार उडत असतील तेव्हा पुन्हा लावा.

घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. १८-५५ ची रिंग ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. सावंतवाडीच्या किंवा कुडाळच्या बाजारात दिवेलागणीला तासभर फिरा. फोटो हलतील, हलू देत. बघायचं एवढंच की उभं राहायला जागा पुरते का, आणि चौकट भरायला किती पुढे जावं लागतं. मग पट्टी ५० वर लावून तसंच. घरी आल्यावर जुन्या फोटोंवरच्या फोकल लेंथही बघा. बहुतेक चांगले फोटो १८ ते ३५ च्या मधले निघाले तर प्रश्न मिटला. सगळेच्या सगळे ५५ ला काढलेले निघाले तर मी म्हणतो त्यापेक्षा तुमचा स्वभाव वेगळा आहे, आणि ५० एफ/१.८ घ्यायला माझी हरकत नाही. एफ/१.४ नाही, एफ/१.८.

जुनी लेन्स घेणार असाल तर दोन गोष्टी. पहिली, नावात ‘एएफ-एस’ आहे ना बघा. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, एएफ-एस लेन्समध्ये ती लेन्सच्याच आत असते. ‘एएफ-डी’ असं लिहिलेली जुनी ५० एफ/१.८ स्वस्तात मिळते, कॅमेऱ्यावर बसतेही, पण ऑटोफोकस चालत नाही. अंधारात हाताने फोकस करत बसाल. दुसरी, बुरशी. कोकणात चार पावसाळे कपाटात काढलेली लेन्स टॉर्चशिवाय घ्यायची नाही. एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. धुळीचे दोन-चार कण असतील तर चिंता नाही.

आणि नवी घेतलीत तरी तिला पावसाळ्यातून वाचवायचं काम तुमचंच. कॅमेऱ्याची कापडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून जून ते ऑक्टोबर कॅमेरा तिच्यात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. पासष्टच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. जेलचा रंग बदलला की गरम करून सुकवा आणि पुन्हा वापरा. तांदळात ठेवायचा उपाय कोणी सांगितला तर तांदूळ पेजेला ठेवा, पिठाची धूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा. रेल्वेच्या एसी डब्यातून रात्री बाहेर उतरलात तर पिशवी अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव धरतं आणि तुम्ही साडीच्या पदराने पुसायला जाल. ते करू नका, मायक्रोफायबरचं फडकं स्वस्तात मिळतं.

दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी हाच हिशोब आपापल्या सेन्सरला लावावा. कॅननच्या लहान सेन्सरवर लेन्स १.६ पट वागते, तिथे ५० चं ८० होतं, म्हणून २४ ते ३५ च्या मधलं काही शोधा. २४ एफ/२.८ ची चपटी लेन्स सव्वाशे ग्रॅमची आहे आणि जत्रेच्या वाटेला फार सोयीची, पण उजेड ३५ एफ/१.८ च्या अर्ध्याहूनही कमी घेते हे ध्यानात ठेवा. सोनी आणि फुजीचा गुणक तुमच्यासारखाच १.५. सिग्माची ३० एफ/१.४ सोनीसाठी मिळते, आणि एफ/१.४ घ्यावीच असं वाटत असेल तर मी ती सुचवेन. फुल फ्रेमवाल्यांनी ५० नाहीतर ३५.

तुमच्या पस्तीस हजारांतले पैसे उरतील. एक जादा बॅटरी घ्या, ईएन-ईएल१४ए. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि शेवटी दहीकाल्याच्या वेळी बॅटरी गेली तर हळहळाल. थोडे पैसे प्रिंटसाठी राखून ठेवा. ज्या मंडळाचे फोटो काढाल त्यांना पुढच्या जत्रेत नेऊन द्या. पुढे बसायच्या जागेचा प्रश्न त्यानंतर बराच सोपा होतो. उरलेले तसेच राहू देत. दुसरी लेन्स आत्ता ठरवायची नाही.

जत्रांचा हंगाम आणि काशी दोन्ही आटोपल्यावर ३५ कुठे कमी पडली ते कळवा, आणि तेव्हाचे तीन-चार फोटो पाठवा. फसलेले पाठवा, शटरच्या आकड्यासकट. चांगले मंडळाला द्या.